खर्जातले गृहस्थ

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या पाचव्या-सहाव्या रात्री होणाऱ्या चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात निवेदकाने गायिकेची ओळख ‘आपल्या उपनगराची स्वरलता’ अशी करून दिली, की-बोर्डवाल्याचा ‘दहा बोटांत शंभर वाद्ये खेळवणारा जादूगार’ म्हणून गौरव केला, ढोलकीवाल्याकडून दोन तुकडे वाजवून घेऊन टाळ्या वसूल केल्या आणि ऑक्टोपॅडवाल्याच्या नावाआधी ‘तुम्हा-आम्हा सर्वांचा लाडका’ हे विशेषण जोडले, म्हणजे त्यानंतर ‘आणि इतर सहकारी’ एवढ्या तीन शब्दांत ज्यांची बोळवण होते, ते गृहस्थ म्हणजे बेस गिटारवाले होत. या शब्दप्रयोगातील अनेकवचन निव्वळ आदरार्थी असते. कारण ‘इतर’ म्हणण्याजोगे तेथे त्यांच्याखेरीज दुसरे कोणीही उरलेले नसते. ड्रमसेट आणि मागचा पडदा यांच्यामधील दोन-अडीच फुटांची पट्टी ही त्यांची वहिवाटीची जागा. त्यांचा अँप हा रंगमंचावरील एकमेव सपाट पृष्ठभाग असल्यामुळे अध्यक्षांच्या सत्काराची शाल, श्रीफळ आणि कोणीतरी अर्धवट पिऊन ठेवलेला चहा या सर्वांचा मुक्काम कार्यक्रमभर त्यावरच असतो.

बेसवाला होण्याची महत्त्वाकांक्षा बाळगून कोणी जन्माला येत नाही; त्या पदावर माणसाची नेमणूक होते. आमच्या डोंबिवलीतील ज्या बेसवाल्यांशी माझा अनेक वर्षांचा घरोबा आहे, त्यांची नेमणूक महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात झाली. गिटार वाजवणारे तिघे जमले. त्यांपैकी एकाचे केस लांब होते, दुसऱ्याची गिटार स्वतःच्या मालकीची होती, आणि या दोन्ही पात्रतांच्या अभावी तिसऱ्याच्या गळ्यात चार तारांचे ते जड लोढणे अडकवण्यात आले. याचे वैषम्य त्यांना फार काळ वाटले नाही, कारण पुढे कधीतरी त्यांच्या वाचनात असे आले, की १९६१ साली स्टुअर्ट सटक्लिफ हा चित्रकलेच्या आणि प्रेमाच्या ओढीने हांबुर्गमध्ये राहिला, म्हणून खुद्द बीटल्समध्येही बेस पॉल मॅकार्टनीच्या पदरात पडला. हा दाखला त्यांनी आजवर लग्नाच्या बोलणीपासून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत सर्वत्र सादर केला असून, माणसाने आलेली जबाबदारी नाकारू नये हे त्याचे तात्पर्य सांगताना ते किंचित ताठ बसतात.

वाद्याचा इतिहासही त्यांना मुखोद्गत आहे. पूर्वी हे काम करणारा डबल बेस माणसाहून उंच असे, आणि त्याला घेऊन प्रवास करणे म्हणजे एखाद्या आजारी नातेवाइकाला हवापालटासाठी नेण्यासारखे असे. लिओ फेंडर या कॅलिफोर्नियातील कारागिराने १९५१ साली त्याच खर्जाला गिटारच्या आकारात आणून गळ्यात अडकवता येईल असे केले; दांडीवर पडदे बसवल्यामुळे बोट अचूक घरात पडू लागले, म्हणून त्याला ‘प्रिसिजन’ असे नावही दिले. फेंडरने जगाची एवढी सोय केली, तरी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी डोंबिवलीच्या फलाटावरून साडेतीन-चार फुटांची पेटी घेऊन लोकलमध्ये शिरण्याची सोय मात्र त्याने केली नाही. म्हणून आमचे बेसवाले व्हेंडरच्या डब्यातून प्रवास करतात. रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या मावशी त्यांना आता ओळखू लागल्या आहेत. ‘दोन तारा तुटल्या की मुळातच कमी?’ असे त्यांतल्या एकीने पहिल्या दिवशी विचारले होते; त्यावर यांनी कल्याणपर्यंत सविस्तर खुलासा केला आणि परिणामी स्वतः डोंबिवलीला उतरायचे विसरले.

दिवसा ते बँकेत नोकरी करीत. हा योगायोग नव्हे. माझ्या पाहण्यातील बहुतेक बेसवाले बँकेत, पोस्टात किंवा महानगरपालिकेच्या एखाद्या दप्तरात आढळतात, आणि गायक मात्र बहुधा ‘स्वतःचा व्यवसाय’ करतात. आठच्या कार्यक्रमासाठी हे सहाला मांडवात हजर. त्यांच्या पेटीच्या कप्प्यात जादा जॅक, जादा फ्यूज, नऊ व्होल्टची बॅटरी, काळी चिकटपट्टी, स्क्रू-ड्रायव्हर आणि खोकल्याच्या गोळ्या असा सरंजाम असतो. त्यांपैकी त्यांना स्वतःला काहीच लागत नाही, परंतु इतर सर्वांना सर्व काही लागते. कोणी काय नेले याची नोंद ते एका लहानशा वहीत ठेवतात आणि नेणाऱ्याने ते परत केल्यावर समोर बारीक बरोबरची खूण करतात. बिनखुणेच्या नोंदींमध्ये गायकांची नावे अधिक आहेत, एवढेच एकदा ते बोलून गेले. त्याहून कठोर टीका मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही.

घरात या कलेविषयी आदर आहे, मात्र माहिती बेताचीच. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी वहिनी एकदा गडकरी रंगायतनच्या कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत बसल्या. परतताना त्या म्हणाल्या, ‘‘तुमचा हात हलत होता तो दिसला हो, पण त्यातला आवाज तुमचा कुठला?’’ दुसरा कोणी कलावंत असता, तर त्या रात्री अन्नाला शिवला नसता. आमच्या बेसवाल्यांनी मात्र मोठ्या समाधानाने विचारले, ‘‘म्हणजे तिसऱ्या रांगेतून दिसतो ना मी?’’

आता या आवाजाचे काम काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमच्या बेसवाल्यांच्या स्वभावाची किल्ली तेथेच आहे. गायिकेने ‘काळी पाच’मध्ये बसवलेले गाणे, घसा बसला म्हणून, ऐन निवेदन चालू असताना ‘काळी चार’वर आणले जाते. ती पाठीमागे हात नेऊन चार बोटे दाखवते. की-बोर्डवाला ट्रान्सपोजचे बटण दोनदा दाबून मोकळा होतो. यांना मात्र साऱ्या गाण्याची बिऱ्हाडे दोन-दोन घरे खाली हलवावी लागतात, आणि तेही निवेदकाचा शेर संपण्याच्या आत. बरे, वाजवायचे ते असे, की वरच्या स्वरांना त्यामुळे अर्थ यावा. वर की-बोर्डवर सा-ग-प तसेच धरून ठेवले आणि खाली षड्जाऐवजी धैवत वाजला, की त्याच तीन स्वरांचा चेहरा पालटतो, आणि उल्हसित गाणे एकाएकी विचारात पडते. आणि मुळातच चुकीचा स्वर वाजला तर? तर बेस चुकला असे सभागृहात कोणालाही वाटत नाही. गायिका बेसूर झाली असे वाटते. एका दमात शेकडो नजरा तिच्याकडे वळतात आणि पहिल्या रांगेतले जाणकार शेजाऱ्याकडे पाहून डोळे मिटतात.

अशा रीतीने या माणसाच्या चुका दुसऱ्याच्या नावे खर्ची पडतात आणि त्याची कामगिरी दुसऱ्याच्या नावे जमा होते. बँकेत हयात घालवलेल्या आमच्या बेसवाल्यांना या व्यवहारात अन्याय दिसत नाही. दोन्ही बाजू जुळतात, यातच त्यांना समाधान आहे. परंतु लोक ज्याला त्यांची विनम्रता समजतात, ती विनम्रता नसून अत्यंत मुरलेला अहंकार आहे, असे माझे अनेक वर्षांच्या निरीक्षणाअंती मत बनले आहे. सर्वांची अब्रू आपल्या डाव्या हाताच्या चार बोटांत आहे आणि हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, या जाणिवेने जे सुख मिळते, त्यापुढे टाळ्यांचे मोल ते काय! एकदा एका नामांकित होऊ पाहणाऱ्या गायकाने सर्वांसमक्ष त्यांना ‘ए गिटार, जरा सरक’ असे संबोधले. त्या रात्री दुसऱ्या अंतऱ्यात, नेमक्या लांबवलेल्या स्वराखाली, एका मात्रेपुरते काहीतरी अर्ध्या घराने सरकले. गायकाने कान दाबला, पाणी मागितले, मॉनिटरवाल्याकडे डोळे वटारून पाहिले. साउंडवाल्याने घाबरून इको वाढवला. ड्रमसेटमागे आमचे बेसवाले छताकडे पाहत होते. ‘‘तार उतरली असेल,’’ असे त्यांनी मला नंतर सांगितले. इतकी गरजेनुसार उतरून लगेच पूर्ववत चढणारी तार मी अन्यत्र पाहिलेली नाही.

त्यांची दैवतेही अशीच पडद्याआडची. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातील बेसवादक टोनी वाझ यांचे नाव घेताना ते कानाच्या पाळीला हात लावतात. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने बेस वाजवणारा जेम्स जेमरसन हा त्यांचा दुसरा देव. त्याची बोटे अर्ध्या जगाला नाचवीत असताना तबकड्यांच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची पद्धतच तेथे नव्हती, आणि १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत त्याला वाट पाहावी लागली. तिसरे चरणजितसिंग. चित्रपटसंगीतात गिटार, बेस, सिंथेसायझर असे पडेल ते वाजवणाऱ्या या गृहस्थांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली, आणि तीत रोलंड कंपनीचे, बेस गिटारवाल्याची उणीव भरून काढण्यासाठीच १९८१ साली निघालेले, एक छोटे जपानी यंत्र वापरले. तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातील रसिकांनी तिला डोक्यावर घेतले. बेसवाल्याला कीर्ती मिळाली ती त्याच्या जागी बसणाऱ्या यंत्राकडून, आणि तीही अठ्ठावीस वर्षांनी, हा वृत्तांत आमचे बेसवाले विनोद म्हणून न सांगता आशेचे स्थान म्हणून सांगतात.

कीर्तीच्या मार्गात निसर्गनियमही त्यांना आडवे येतात. त्यांच्या सर्वात जाड तारेची कंपने सेकंदाला अवघी एक्केचाळीस. मोबाइलच्या इवल्या भोंग्यातून इतका खालचा आवाज बाहेर पडतच नाही. त्यामुळे पुतण्याने कौतुकाने चित्रित केलेल्या प्रत्येक कार्यक्रमात सर्वजण ऐकू येतात आणि काका तेवढे तार न छेडता बोटे हलवताना दिसतात. उलटपक्षी या खर्जाची एकेक लहर आठ मीटरांहून लांब असते आणि तिला भिंतींचा मुलाहिजा नसतो. शब्द, सूर, सनई, बासरी सारे काही बंद खिडकीपाशी अडते. खर्ज तेवढा तीन भिंती ओलांडून चौथ्या मजल्यावरच्या पलंगापर्यंत जातो. याचा प्रत्यय एका नवरात्रात आला. मांडवामागच्या इमारतीतील एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनांनी पोलीस चौकीत रीतसर अर्ज गुदरला, की ‘गाणे कोणते चालू आहे हे बिलकूल समजत नसून केवळ एकच वाद्य रात्री दहानंतरही सातत्याने ऐकू येते.’ मंडळाचे कार्यकर्ते हबकले. आमच्या बेसवाल्यांनी मात्र त्या अर्जाची नक्कल मागून घेतली आणि घरी जाऊन ‘सातत्याने’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. संपूर्ण कारकिर्दीत त्यांच्या वादनावर झालेले हे एकमेव स्वतंत्र परीक्षण.

मिळकतीविषयी लिहिण्याजोगे थोडेच आहे. सुपारी मालक घेतो, नाईटचे पाकीट ठरलेले असते, त्यातून टेम्पोभाड्याचा वाटा जातो, आणि गायक मोटारीने गेल्यावर हे स्पीकरांच्या खोक्यांवर बसून पहाटे घरी पोहोचतात. गणपतीचे दहा दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही. पितृपंधरवड्यात हाती काम नाही. नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि एकतीस डिसेंबर, की संपले वर्ष.

पुढे दिवस पालटले. प्रथम की-बोर्डवाल्याच्या डाव्या हाताने त्यांचे काम बळकावले. मग ट्रॅक आला आणि त्याने त्या डाव्या हातासकट ढोलकी वगळता सर्वांनाच रजा दिली. गंमत अशी, की ज्या वर्षांत त्यांना नाईट मिळेनाशी झाली, त्याच वर्षांत साऱ्या महाराष्ट्राला बेसचे वेड लागले. रिक्षात बेस, मोटारीत बेस, वरातीत बेस. मिरवणुकीत दोन मजली स्पीकरांची भिंत चालू लागली आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या, की पोरे ‘बेस बघ काय आहे!’ म्हणून एकमेकांना टाळ्या देऊ लागली. लोकांनी अखेर बेस ऐकला, त्याची नावानिशी वाखाणणी केली, त्यासाठी वर्गण्याही दिल्या. फक्त तो वाजवणाऱ्या माणसाची तरतूद अंदाजपत्रकात राहून गेली.

गेल्या अनंत चतुर्दशीनंतर ते अव्वल कारकून स्वतः आमच्या बेसवाल्यांकडे आले. स्पीकरांच्या भिंतीविरुद्ध अर्ज द्यायचा होता आणि ‘या विषयातले’ माणूस म्हणून त्यांना यांचेच नाव सुचले. दोघांनी चहा घेतला, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दाखला घातला, आणि एका बैठकीत अर्ज सिद्ध झाला. मसुदा मी पाहिला आहे. आवाजाची पातळी, वेळेचे उल्लंघन आणि वृद्धांची निद्रा हे मुद्दे त्यात दुय्यम म्हणून शेवटी आहेत. मुख्य तक्रार कलम एकमध्ये अशी नमूद आहे, की ‘सदर गाणे काळी दोनमध्ये असताना खालचा स्वर पांढरी दोनचा धरण्यात आला व ही चूक विसर्जनापर्यंत सातत्याने चालू ठेवण्यात आली.’ अर्जावर चौकीचा पोहोचशिक्का पडला आहे. परंतु या सदराखाली गुन्हा नोंदवण्याची तरतूद कायद्यात अद्याप नसल्यामुळे पुढील कारवाई स्थगित आहे, असे समजते.