हिरवा, नारिंगी, लाल : टोमॅटोधारकांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तावना

केंद्र सरकारने 20 जून 1991 रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि उद्योगांचे तीन प्रवर्ग पाडले : हिरवा, नारिंगी, लाल. हिरव्याला मुभा, नारिंगीला अटी, लालला मनाई. हे तिन्ही प्रवर्ग एकामागून एक ओलांडून, कुणाचीही परवानगी न घेता, भर तालुक्यात राजरोस लाल होणारा उद्योग एकच : टोमॅटो. त्याला नियमावली नव्हती. ती उणीव येथे भरून काढली आहे. शेजारच्या तलासरीकरांनीही हीच वापरावी. तालुक्याची हद्द टोमॅटोला कळत नाही आणि अळीला तर मुळीच नाही.

दर्जा

या भागात फळ म्हणजे चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. टोमॅटोला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 साली जकातीपुरते भाजीत बसवले. वनस्पतिशास्त्र मात्र त्याला फळच म्हणते. धारकाने या वादात पडू नये. एवढेच करावे की चिकूवाडीतल्या सावलीत टोमॅटो लावू नये. त्याला दिवसभर उघडे ऊन लागते. मोठ्यांच्या छायेत तो नुसता उंच होतो, फळत नाही.

हिरवा प्रवर्ग

1. पाऊस ओसरू लागला की कोकोपीट भरलेल्या 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये बी पेरावे. साधारण आठवड्याभरात ते उगवते. रोज उकरून पाहिल्यास त्याहून उशिरा. पाणी जास्त झाले तर कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. या रोगाला रोपमर म्हणतात. बुरशी निमित्त, कारण बहुधा मालकाची माया.

2. रोप 25 ते 30 दिवसांचे, चार-पाच पानांचे झाले की लागवड करावी. भात कापलेल्या खाचरात लावायचे असेल तर आधी खोल नांगरट करावी. चिखलणीने खाली घट्ट थर बसलेला असतो. तो भाताचे पाणी धरून ठेवण्यासाठी उत्तम आणि टोमॅटोची मुळे बुडवण्यासाठीही उत्तम. नांगरटीनंतर गादीवाफे करावेत.

3. दोन ओळींत 90 आणि दोन रोपांत 30 ते 45 सेंटीमीटर अंतर ठेवावे. सुरुवातीला हे अंतर फार वाटते. 'मध्ये अजून एक बसेल' हा विचार मनात आल्यास बांधावर जाऊन थोडा वेळ बसावे. उन्हे उतरल्यावर, खालची पाने काढून, रोप खोल लावावे. मातीत गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात.

4. लावताना पाणी, तीन-चार दिवसांनी आंबवणी, आणि पुढे वाफसा पाहून. मूठभर माती दाबावी. गोळाच झाला नाही तर पाणी द्यावे. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. चिखल हाताला चिकटला तर मोटारीची किल्ली घरातल्या शहाण्या माणसाकडे सोपवावी. आज कोरडे, उद्या तुडुंब असे झाले तर झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. अशा वेळी दुकानदार बाटली दाखवतो. आधी मातीत हात घालून पाहावे.

5. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा हे सख्खे भाऊबंद. इस्टेट वाटून घेत नाहीत, रोग मात्र समान वाटतात. मागच्या वर्षी मिरची होती त्या तुकड्यात यंदा टोमॅटो लावू नये. हिरवेगार झाड दोन दिवसांत मान टाकू लागले तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावा. दुधासारखे धागे उतरले तर ती जिवाणूजन्य मर. मग औषध शोधत हिंडू नये. झाड मुळासकट उपटून लांब न्यावे, आणि तो ग्लास घरात परत नेऊ नये.

6. महिन्याभराच्या आत बांबू, तार आणि सुतळीने बांधणी करावी. किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या चौकटींचे बांबू 'जरा वापरतो' म्हणून आणू नयेत. कोळीणबाई विचारायला येतील ते वेगळे. त्याआधी गावातली मांजरे येतील.

7. टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूवर अंडी घालायला जाते, म्हणून ही फुले तोरणासाठी तोडू नयेत. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे टांगावेत. सल्ला देणाऱ्यांसाठी अद्याप सापळा निघालेला नाही. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येत असल्याने रविवारी त्यांचा प्रादुर्भाव वाढतो.

8. रोपे हलताना दिसल्यास प्रथम वारा, मग बकरी, मग भूकंप असा क्रम तपासावा. धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, हे विसरू नये. बकरी असल्यास रोपाकडे धावावे. भूकंप असल्यास रोपापाशीच थांबावे, घराकडे धावू नये.

नारिंगी प्रवर्ग

हा अटींचा काळ. फळाच्या टोकाला रंग फिरला की माल वाशीला पाठवायचा असल्यास तोडावा. अर्धा रंगला की तलासरीहून हाकेच्या अंतरावरच्या वापीला. पुरता लाल झाला की घरच्या चटणीला. घरच्यांना नेहमी सर्वांत चांगला माल मिळतो तो प्रेमापोटी नव्हे, तर तो प्रवास सोसत नाही म्हणून.

मार्चमध्ये फळ नारिंगीवरच अडकले तर खताला दोष देऊ नये. पारा 30 अंशांपुढे गेला की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. पुढे फुलेही गळतात. टोमॅटोची उन्हाळी सुटी लागली असे समजून तोडणी आवरती घ्यावी.

लाल प्रवर्ग

इथून मनाई सुरू होते, आणि ती बाजार करतो. डहाणू-तलासरीत टोमॅटो लाल होतो जानेवारी-फेब्रुवारीत. त्याच सुमारास नाशिक, पुणे आणि शेजारच्या गुजरातचाही माल बाजारात असतो. कॅरेटचा भाव ऐकून धारकाने अडत्याला 'किलोचा की कॅरेटचा?' असे विचारू नये. त्याने हा विनोद ऐकलेला आहे. विक्रीच्या पट्टीतून हमाली, तोलाई आणि भाडे वजा करावे. उरलेली रक्कम उणे आली तर ती घरी सावकाश सांगावी.

भाव चढतो जुलैमध्ये. 2023 साली मे महिन्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला आणि जुलैत तोच किरकोळ बाजारात शंभरीपार गेला. पण जुलैत डहाणूच्या उघड्या शेतात टोमॅटो टिकत नाही. सततच्या पावसात करपा आणि मर त्याला पिकू देत नाहीत. म्हणजे पीक ज्या भावाने विकले जाते तो भाव फेब्रुवारीचा, आणि पीक ज्या भावाला भुलून लावले जाते तो जुलैचा. असा हिशेब एकाच वेळी शेकडो घरांत होतो, म्हणून पुढच्या फेब्रुवारीत कॅरेट आणखी स्वस्त होते.

अंतिम सूचना

संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नये. ते आईबापांवर जात नाही. बांबू पुसून, तार गुंडाळून पडवीत ठेवावी. हंगामातली खरी शिल्लक तीच. एकूण किती रोपे लावायची हे एप्रिलमध्ये, पट्टी हातात धरून, कागदावर लिहावे व तो कागद जुलैत वाचावा. त्या महिन्यात रोपवाटिकेवरून जाणे टाळता येत नसेल तर सोबत घरची बाई न्यावी. पट्टी तिनेही पाहिलेली असते. तिनेच पुढच्या हंगामाचे ट्रे नोंदवायला घेतले, तर आधी शेजाऱ्याने किती नोंदवले ते विचारून घ्यावे, आणि त्याच्या निम्मे घ्यावेत.