कटऑफभाऊ

जून लागला की नांदुऱ्यातल्या बापमाणसाला दोनच काळज्या असतात. मृग बरसेल का, आणि पोरगं कुठं लागेल. पहिलीचं कोणाच्याच हातात काही नाही. दुसरीचं कटऑफभाऊंच्या हातात आहे, असं निदान कटऑफभाऊ मानतात.

भाऊंचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण त्यावर तणनाशकाचं पोस्टर चिकटवल्याला इतकी वर्षं झाली की आता ते त्यांच्या आधार कार्डावरच काय ते उरलं असेल. सरकीचं पाकीट घ्यायला आलेला माणूस खिशातून पैशांबरोबर पोराच्या सीईटीच्या निकालाचा कागदही काढतो आणि दोन्ही काउंटरवर ठेवतो. भाऊ पैसे नंतर मोजतात. आधी चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि पर्सेंटाइल मोठ्याने वाचतात, सातही दशांशांसकट. सोन्याचा भावसुद्धा आपल्याकडे कोणी दशांशाच्या सातव्या घरापर्यंत सांगत नाही. भाऊ सांगतात, आणि ऐकणारा बाप उगाच टोपी सारखी करतो.

सगळा कारभार एका डायरीत आहे. बियाणे कंपनीने दिवाळीला फुकट दिलेली, पाठीवर कपाशीच्या टपोऱ्या बोंडाचं चित्र, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेली. पुढून उधारी, मागून कटऑफ. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास दोघांची मधल्या पानांवर गाठ पडते. मी स्वतः ते पान पाहिलं आहे. वर ‘युरिया ३ बॅग, बाकी’, आणि लगेच खाली ‘कॉम्प्युटर, ओपन, होम युनिव्हर्सिटी, दुसरा राऊंड’. युरियावाल्याचा मुलगा त्या कॉम्प्युटरला लागला, पण युरिया अजून बाकीच आहे.

आमच्या गावची भौगोलिक अडचण अशी, की रुळाच्या एका अंगाला मलकापूर आणि दुसऱ्या अंगाला शेगाव, आणि दोन्हीकडे खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज. त्यापुढे अकोल्याला १९६९ सालापासूनचं कृषी विद्यापीठ. आणखी पुढे अमरावतीला १९६४ सालचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आणि खुद्द विद्यापीठ. उलट्या दिशेची महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली की सकाळ होईतो पुणं. म्हणजे नांदुऱ्याच्या फलाटावर पोरगं कोणत्या तोंडाने उभं राहिलं, त्यावर त्याचं आयुष्य ठरतं. बाहेरगावची माणसं नांदुऱ्याला येतात ती हायवेवरचा १०५ फुटी मारुती बघायला. गावातली माणसं भाऊंकडे येतात, कारण द्रोणागिरीच उचलून आणायची सोय त्यांच्याकडेही आहे. एक कॉलेज विचारलं तर ते पाचही जिल्ह्यांतली सांगतात.

मागच्या जूनमध्ये मी त्यांच्या दुकानात खताच्या पोत्यावर बसून अख्खा दिवस काढला. पाऊस नव्हता, मला काम नव्हतं.

सकाळी पूर्णाकाठच्या गावातला एक शेतकरी आला. सोबत मिसरूड फुटलेला मुलगा, नजर मोबाइलमध्ये.

“भाऊ, पोट्ट्याले शेगावले टाकावं म्हन्तो. जवळ हाय, खाजगी हाय पन नाव साजरं हाय. घरून डबा नेईन, सांजच्याले वापस.”

“डबा?” भाऊंनी पेन खाली ठेवला. “इंजिनिअरिंग कराले चालला का निंदाले?”

मग अर्धा तास भाऊंनी सरकारी शिक्षणाचा महिमा सांगितला. सरकारी म्हणजे पाटाचं पाणी. धरण मोठं, पट्टी थोडी. तिथं पोरगं दहा जिल्ह्यांच्या पोरांत पडतं, हॉस्टेलात राहतं, मेसची भाजी खाऊन माणूस होतं. ग्रंथालय बघून डोळे फिरतात. घरच्या डब्याने पोट भरतं, भूक मरते. भूक कसली, हे सांगायला भाऊ थोडे थांबले, पण तेवढ्यात शेतकऱ्याने मान डोलावली होती. तो शेगाव विसरून अमरावती घेऊन गेला. सरकी न्यायची राहिली, ती घ्यायला दुपारी परत आला.

त्याच दुपारी एक शिक्षक आले. चांगले शिकलेले, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात कागदांना वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या. मुलीसाठी सरकारीच घ्यायचं, असं त्यांनी ठरवून आणलं होतं.

“सर, पाटाचं पानी टेलले पोचते का कधी?” भाऊंनी विचारलं.

सकाळपासूनचं पाटाचं पाणी दुपारी असं आटलं. सरकारी म्हणजे धरण मोठं, पण आपलं वावर शेवटच्या चारीवर. आवार शेकडो एकराचं, त्यात आपली पोरगी कोणत्या कोपऱ्यात आहे हे कोणाला ठाऊक? प्राध्यापकांच्या जागा राज्यभर वर्षानुवर्षं रिकाम्या, तासिकेवरचे मास्तर एका कॉलेजातून दुसऱ्यात धावतात. आणि छोटं खाजगी कॉलेज म्हणजे ठिबक. पाणी थोडं, पण थेट मुळाशी. पोरगी तासाला नाही बसली की बापाच्या मोबाइलवर मेसेज. “आन् फीचं म्हनान,” भाऊ पुढे झुकले, “तर २०२४ पासून सरकारनं पोरीईची फी माफ केली. उत्पन्न आठ लाखाच्या आत पायजे, अन् ॲडमिशन कॅपमधून पायजे. मॅनेजमेंट कोट्यात गेले की मंग माफीबिफी काही नाही.” हे शेवटचं अगदी बरोबर होतं. भाऊंची माहिती नेहमी बरोबर असते. ते तिचं जे करतात, तिथून पुढे गंमत.

शिक्षक फोल्डरमधल्या चिठ्ठ्यांचे रंग बदलायचे ठरवून गेले.

मी पोत्यावरून म्हणालो, “भाऊ, सकाळी एक आणि आता दुसरं?”

“तो कायले आलता? खाजगी कराले. हे कायले आलते? सरकारी कराले. आलेल्या मानसानं जे आनलं तेच त्याले बांधून द्याचं, तर मी कायले पायजे? ते तर त्याच्याजवळ होतंच.”

भाऊंच्या धंद्याचं मर्म हे एवढंच. माणसाचं मत आधी काढून घ्यायचं आणि मग त्याच्या विरुद्ध उभं राहायचं. यात तोटा नाही. ऐकून पोराचं भलं झालं तर सल्ला भाऊंचा. न ऐकता वाटोळं झालं तर “म्या तवाच सांगतलं होतं”. ऐकून वाटोळं झालं तर पोरगंच हलकं, आणि न ऐकता भलं झालं तर तो माणूस पुन्हा दुकानात येतोच कशाला? म्हणून डायरीत भाऊंचा एकही सल्ला चुकल्याची नोंद नाही. उधारीच्या बाजूला एवढं यश असतं तर त्यांनी दुकानाला दुसरा मजला चढवला असता.

मी आणखी एक खोच काढली. शेगावचं कॉलेज १९८३ सालचं आणि अमरावती विद्यापीठही १९८३ सालचंच, १ मेला नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालेलं. खाजगीतून शिका की सरकारीतून, या बाजूच्या पोराला पदवी शेवटी अमरावती विद्यापीठच देणार. मग एवढा वाद कशाचा? भाऊंनी आधी दाराकडे पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली आणि आवाज उतरवून म्हणाले, “हे त्याईले सांगू नको. मंग मले इचारीन कोन?”

पुण्याचंही तेच. ‘आमचा पोट्टा पुणे विद्यापीठात हाय’ असं नांदुऱ्यात बसस्टँडपासून मार्केट यार्डापर्यंत ऐकू येतं. १९४९ सालच्या त्या विद्यापीठाच्या आवारातले बहुतेक विभाग पदवीनंतरच्या शिक्षणाचे. बारावी होऊन गेलेला पोट्टा शहराच्या टोकाला कुठल्यातरी तीन मजली खाजगी कॉलेजात असतो आणि विद्यापीठाच्या दारावरून बसने जातो. भाऊंना हे पक्कं माहीत आहे. ज्याला पुण्याला पाठवायचंय, त्यालाच ते हे सांगतात. ज्याला पाठवायचं नाही, त्याला सांगत नाहीत.

कोणी फारच हट्टाला पेटला तर भाऊ ठेवणीतला दाखला काढतात. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले, महानुभाव वाङ्मयाचे मोठे अभ्यासक वि. भि. कोलते कुठले? आपल्या बाजूच्या नरवेलचे. एवढ्याशा गावातला माणूस केवढ्या विद्यापीठाच्या खुर्चीवर बसला! म्हणजे मोठ्यातच गेलं पाहिजे. आणि समोरचा आधीच मोठ्यात जायला निघालेला असेल तर? तर मलकापुरात कोलत्यांच्या नावाने काय उभं आहे? खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज. कुलगुरूंचं नावसुद्धा शेवटी घराजवळच आलं ना? एका माणसाचं चरित्र दोन्ही बाजूंनी इतक्या बेतानं वापरलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

अशा माणसाची पंचाईत करायला घरचंच माणूस लागतं. भाऊंची मुलगी बी.एस्सी. झाली आणि एम.एस्सी. रसायनशास्त्राची वेळ आली. प्रश्न सरळ होता. जवळच्याच एका छोट्या खाजगी कॉलेजात एम.एस्सी. आहे, वर्गात मोजकी मुलं, रोज जाऊन-येऊन. नाहीतर अमरावतीला थेट विद्यापीठाच्या विभागात, हॉस्टेलवर.

भाऊंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “तुझं काय म्हन्नं हाय?”

मुलगी बावीस वर्षं त्याच घरात वाढलेली. ती म्हणाली, “तुम्ही सांगाल ते, बाबा.”

भाऊंना असं गिऱ्हाईक आजवर भेटलं नव्हतं. ढकलायला समोर काहीतरी असलं तर माणूस ढकलणार! त्यांनी चाचपून पाहिलं. “विद्यापीठ बरं हाय तसं.” मुलगी म्हणाली, “बरं.” आता तिचं मत विद्यापीठाचं झालं म्हटल्यावर भाऊंनी लगोलग खाजगी कॉलेजची बाजू घेतली, ठिबकपासून मोबाइलच्या मेसेजपर्यंत. मुलगी म्हणाली, “हेही बरं.” तसे भाऊ पुन्हा पाटावर. आठ दिवस असे गेले. वहिनी मध्येच म्हणाल्या, विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसला म्हणून पेपरात आलं होतं, पोरीला कुठं धाडता? या एका वाक्याने भाऊंना केवढा आधार आला! कोणीतरी काहीतरी ठाम बोललं होतं. बिबट्या दिसतो म्हणजे झाडी आहे, झाडी आहे म्हणजे हवा आहे, आणि रसायनशास्त्रवाल्याला हवा लागतेच, असं त्यांनी रात्री जेवताना सिद्ध केलं. सकाळी उठून वहिनी म्हणाल्या, “मंग जाऊ द्या तिले.” भाऊंच्या हातातला चहा तसाच राहिला.

त्या दिवसांत दुकानाची पार रया गेली. गिऱ्हाईक पर्सेंटाइल वाचायचं आणि भाऊ “पाहू, पाहू” म्हणायचे. एका पोराला त्यांनी चक्क “तुले काय वाटते?” असं विचारलं आणि उत्तर आल्यावर त्याला विरोध केला नाही. गावात बातमी पसरली की भाऊंची तब्येत बरी नाही.

मुलीने अर्ज कधी भरला, हे भाऊंना मेसेज आल्यावर कळलं. फीची पावती त्यांच्याच मोबाइलवर आली, कारण नंबर त्यांचा दिलेला. अमरावती. त्यांनी ती पावती मला तीनदा दाखवली. तिसऱ्यांदा दाखवताना म्हणाले, “पाह्य, रसायनशास्त्र असं पूर्न लिव्हलं हाय, केमिस्ट्री नाही.” त्यावर मी काय बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती, कळलं नाही.

ती निघाली त्या दिवशी मी स्टेशनवर होतो. एक बॅग, एक गादीची वळकटी, आणि वहिनींनी दिलेली लोणच्याची बरणी. ती भाऊंनी दुकानातल्या जाड पॉलिथिनमध्ये बांधली होती, त्यावर अर्धवट छापील अक्षरं दिसत होती, ‘मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा’. भुसावळकडून गाडी आली. मुलीने पाय धरले, चढली, खिडकीशी बसली. भाऊ खिडकीचे गज धरून म्हणाले, “रोज तासाले बसजो. अठी मेसेज येत नाही त्याईचा.” गाडी हलली, तरी चार पावलं गजाबरोबर चालले.

फलाटावर आमच्या मागेच एक ओळखीचा शेतकरी उभा होता, धाकट्याचा बारावीचा निकाल खिशात घेऊन. तो पुढे झाला.

“भाऊ, तुमी पोरीले विद्यापीठात धाडलं. म्हनजे आमच्या पोट्ट्यालेबी विद्यापीठच बरं, नाही का?”

भाऊंनी डोळे पुसले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पिशवीतून डायरी काढून तिचं रबर सोडलं.

“कोन म्हन्ते?” ते म्हणाले.