विण्हुदत्ताचे वकील

असे तात्या गावोगाव असतात. मेसेज तुम्हाला येतो, संशय त्यांना. आमच्या भाजे गावचे तात्या लेण्यांच्या पायथ्याशी कणसं भाजतात. पण निखाऱ्यापेक्षा त्यांचं लक्ष गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जास्त.

लेण्यात पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी लेख आहे: महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याचं दान. कुण्या अभ्यासकानं तो तात्यांना वाचून दाखवला आणि आमचं मरण ओढवलं. "टाकं देतानासुद्धा माणसानं हुद्दा, आई, नाव, सगळं लिहिलं. आणि 'आज रात्री वीज तोडू' म्हणणारा हा कोण? नुसता दहा आकडी नंबर! महावितरणचा मेसेज असता तर पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल दिसलं असतं."

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, फाइल निघाली एपीके, म्हणजे ॲपची. तात्या म्हणाले, "विण्हुदत्तानं दगडावर लिहिलं, तरी काही डाउनलोड करायला लावलं नाही." पोराचा नव्या नंबरवरून फोन आला, तर त्यालाही "आधी आईचं नाव सांग." तो ओरडला, "अहो, तुमचीच बायको!" तरी नाव वदवून घेतलंच.

वैताग येतो. पण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या नाश्त्याच्या टपरीवाल्या काकूंना फोन आला: चाळीस माणसांचा नाश्ता, आगाऊ पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका. चार आकडे टाकून काकूंचं बोट पुढच्यावर टेकणार, तोच तात्यांनी फोन हिसकावला. "पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो!" वरच्या आळीतल्या एकाचे खरंच गेले, तेव्हा तात्यांनी त्याला पहिल्यांदा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावून दिला. "वेळ घालवला की पैसे पुढं पळतात. तक्रार आधी, शिव्या मागाहून." शिव्या त्यांनी नंतर मनसोक्त दिल्या. आता कसलीही लिंक आली की अख्खी आळी गुपचूप तात्यांकडे येते. आभार कुणी मानत नाही, कणीस मात्र घेतं.

काकूंच्या प्रकरणात तात्यांना एकच कोडं सुटलेलं नाही. त्या भामट्याला काकूंचं नाव, टपरीचं नाव, खातं कुठल्या बँकेत, सगळं ठाऊक होतं. ही माहिती त्याला दिली कुणी? टाकं देणारा विण्हुदत्त आजही नावानिशी सापडतो. आपले नंबर दान करणाऱ्यांना मात्र प्रसिद्धीची अजिबात हौस नाही.