झाकण उघडायचं नाही

भोर-वेल्ह्याच्या माणसाला धीर धरायला शिकवावं लागत नाही. भाटघरचं धरण कधी भरतंय, पावसाळ्यात बंद झालेला वरंधा घाट कधी सुरू होतोय, चेलाडी फाट्यावर वेल्ह्याची गाडी कधी येतेय, यातच निम्मा जन्म जातो. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालं. ते तोंडात बसायचीही आम्ही निवांत वाट बघतो आहोत. दम निघत नाही तो फक्त शिजणाऱ्या भांड्यापुढे. झाकण दिसलं की उचलायचं. आत काय आहे हे पक्कं ठाऊक असलं तरी उचलायचं. अशा घरात माझ्या नणंदेनं कौतुकानं स्लो कुकर पाठवला.

वस्तू साधी. बाहेर पत्रा, आत जाड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. पुढच्या बटणावर तीन खुणा: मंद, जरा कमी मंद आणि नुसतं गरम. सकाळी सगळं आत टाकून शाळेत निघून जायचं, संध्याकाळी कालवण तयार. वीज खातो दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे जुन्या दोन-तीन पिवळ्या बल्बांएवढी. शिट्टी नाही, फुसफुस नाही, रटरट नाही. आणि तिथंच घोडं पेंड खातं. आमच्या आळीत शिट्ट्या मोजून कुणाकडे वरण आणि कुणाकडे मटण ते ओळखतात. जे वाजत नाही ते शिजतंय, यावर कोण विश्वास ठेवणार?

"जाळ कुठाय गं ह्याला?" सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आतून तापतं, आई."

"तापलंय का पण?" आणि झाकण वर.

त्या झाकणाची गंमत सांगायला हवी. वाफ काचेला आतून लागते, थेंब होऊन ओघळते आणि कडेला पाण्याची बारीक रेघ साठते. त्या रेघेनं झाकण भांड्याला धरून बसतं. उचललं की रेघ तुटते, ऊब निघून जाते आणि ती पुन्हा जमायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. हे सोबतच्या पुस्तिकेत ठळक छापलं होतं, पण पुस्तिका वाचण्याची पद्धत आमच्याकडे नाही. सासूबाईंनंतर दीर मीठ चाखून गेले. धाकट्यानं "झालं का?" म्हणून डोकावलं. शेजारच्या काकू "नवीन घेतलंय म्हणे" म्हणत आल्या आणि त्यांना दाखवायला पुन्हा सासूबाईंनीच उघडलं. संध्याकाळी हुलगे सकाळी होते तसेच, फक्त जरा ओलावलेले. रात्री ते प्रेशर कुकरमध्ये गेले आणि आळीला ऐकू जाईल एवढ्या शिट्ट्या झाल्या, तेव्हा कुठे घरात शांतता पसरली.

"हे तर वैलावरचं काम," सासूबाई म्हणाल्या. यात त्यांची चूक काढायला जागा नव्हती. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरी चालते आणि उरलेली धग शेजारच्या वैलाला मिळते. त्या फुकटच्या आचेवर दूध, आमटी, कढण तासन्‌तास बसून असतं. मग वैलावरचं भांडं कुणी कसं उघडत नव्हतं? कारण शेजारी फुंकणी घेऊन सासूबाई बसलेल्या असत. स्लो कुकर काढणाऱ्यांनी सगळा विचार केला, नेमका हा भाग तेवढा वगळला.

काढणारे तरी कोण? शिकागोचे आयर्विंग नॅक्सन. १९४० साली त्यांना पेटंट मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य-मांसाची भांडी बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवून यायची रीत होती. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून ही सोय. आईकडून ऐकलेल्या त्या गोष्टीवरून त्यांना हे भांडं सुचलं. (आमच्या घाटाखाली कोकणातले बेने इस्रायलीही शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून तर त्यांना शनवार तेली म्हणत.) १९७१ पासून तेच भांडं क्रॉक-पॉट नावानं अमेरिकेत घरोघर गेलं. पण आपणही काही मागे नव्हतो. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० मध्येच इकमिक कुकर काढला होता: तळाला कोळसे, वर डब्यांची उतरंड, भरून ठेवा आणि कामाला जा. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बाप्यांनी काढलंय व्हय? तरीच बाईला घराबाहेर पाठवायची घाई."

त्या यंत्राची खरी कसोटी लागली आषाढात, वेल्ह्याकडच्या गावी. लावणी सुरू झाली की घरात मांजरसुद्धा थांबत नाही. तरवा उपटायला, मुठी बांधायला, चिखलात वाकून रोप लावायला सगळी माणसं खाचरात. आज आपल्याकडे, उद्या सावडीनं दुसऱ्याकडे. दुपारची भाकरी बांधावर होते, पण रात्री गुडघाभर चिखल घेऊन परतलेल्या बाईनं चूल पेटवायची म्हणजे जिवावर येतं. त्यात लाकडं ओली, धूर डोळ्यांत. मी पहाटे रात्रभर भिजलेले हुलगे, कांदा, लसूण, मिरची, थोडं तेल भांड्यात घातलं, बटण मंदवर फिरवलं आणि दाराला कडी लावली. अंधार पडता पडता आलो तर हुलगे बोटांनी चेपावेत इतके मऊ, रस्सा दाट, घरभर लसणाचा वास. नाचणीच्या भाकरीबरोबर ताटं पुसून निघाली. कारण उघड आहे: दिवसभर झाकण उचलायला घरात कुणी नव्हतं. सासूबाई दोनदा वाढून घेऊन म्हणाल्या, "मीठ कमी हाय." आमच्या घरात याहून मोठी शाबासकी दिली जात नाही.

वीज मात्र आपल्या मर्जीची. पावसाचा जोर वाढला की ती जाते आणि परत कधी येईल ते कुणी सांगत नाही. अशा दिवशी कालवण टोपात ओतून सरळ वैलावर. कोमट अन्न तासन्‌तास तसंच ठेवू नये.

आता तुम्ही घेणारच असाल तर ऐका. राजमा असो की नीरेपलीकडचा वाघ्या घेवडा, रात्रभर भिजवून ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा. त्यात एक विषारी द्रव्य असतं. मंद आचेनं ते मरत नाही, पोट मात्र बिघडतं. इंद्रायणी तांदूळ यात अजिबात लावू नका. तो मुळात चिकट, दिवसभरात त्याची खळ होते. भात आपला कुकरलाच लावा. आणि स्लो कुकर लावून घराबाहेर पडताना घरातल्या सगळ्यांना बरोबर न्या.