कोच आला, कप द्या!

पोंभुर्ण्यात पुणेरी पलटणचे चाहते आहेत, हे पुण्यात कुणाला सांगायला गेलं तर आधी पोंभुर्णा कुठं आहे तेच सांगावं लागतं. चंद्रपूर जिल्हा म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे ताडोबा?" ताडोबा नाही हो. वाघ मात्र आहेत, आणि ते बघायला आम्हाला तिकीट लागत नाही. धानाच्या बांधीत ते आपणहून येतात.

नकाशा समोर ठेवला तर आमचा संघ तेलुगू टायटन्स असायला हवा. हैदराबाद आम्हाला पुण्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर. जिल्ह्याच्या दक्षिणेला बाजारात तेलुगू कानावर पडते, सोयरीकही होते. पण आमचा जीव अडकलाय नारिंगी जर्सीत. कारण विचारू नये. वेगळा विदर्भ मिळाला तो रणजी क्रिकेटात आणि कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धेत. तिथं विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. प्रो कबड्डीत मात्र नागपूरचा संघ नाही आणि आयपीएलमध्येही नाही. थोडक्यात, जिथं खेळाडूंचा लिलाव होतो तिथं आम्ही कट्टर अखंड महाराष्ट्रवादी.

तर २०२५च्या मोसमाआधी पलटणने कोच बदलला. बी. सी. रमेश गेले, अजय ठाकूर आला. आमच्याकडे पानठेल्यावर एक खर्रा घोटून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात या बदलाचा निकाल लागला. सुपारीवर तंबाखू पडेपर्यंत रमेश नालायक ठरले होते, चुना लागेपर्यंत अजय महान ठरला होता आणि पन्नी चोळून हातात येईपर्यंत कप पुण्याला पोहोचला होता.

"हा तं पोलीसवाला हाय. डीएसपी. शिस्त लावते बघ आता."

"वर्ल्ड कप जिकून दिला ना बे यानं. पलटण तं काहीच नाही."

दोन्ही माहिती खरी आहे. अजय ठाकूर हिमाचल पोलिसात अधिकारी. २०१६च्या विश्वचषकात अहमदाबादला अंतिम सामन्यात इराणने मध्यंतरापर्यंत भारताला मागे टाकलं होतं. तेव्हा याच माणसाने चढायांमागून चढाया करत १२ गुण कमावले आणि भारताने ३८-२९ असा सामना फिरवला. २०१९ला पद्मश्री मिळाली. त्याची बेडूकउडी अख्ख्या देशाने पाहिली. प्रश्न एवढाच की कोचला बाहेर बसून बेडूकउडी मारता येत नाही. पण हा प्रश्न पानठेल्यावर विचारायचा नसतो. तिथं असले प्रश्न विचारणाऱ्याला "तू मास्तर होय ना, तुले काय समजते" असं उत्तर मिळतं.

विचारायला मात्र जागा होती. त्याच २०१६च्या विश्वविजेत्या संघाचा कप्तान अनुप कुमार. मैदानावर याच्याइतकं थंड डोकं दुसऱ्या कुणाचं नव्हतं. २०१९ला तोच पुणेरी पलटणचा कोच झाला. तेव्हाही खर्रा असाच घोटला गेला होता. पहिल्याच मोसमात पलटण तळाच्या तिघांत जाऊन बसली. पण चाहत्याच्या स्मरणशक्तीची मुदत एका मोसमाची असते, नूतनीकरण होत नाही.

आणि ज्यांना निरोप दिला त्या रमेश यांचं काय? २०२२ला त्यांनी पलटणला अंतिम सामन्यात नेलं, जयपूरकडून २९-३३ अशी हार झाली. पुढच्याच मोसमात, १ मार्च २०२४ला, हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून पलटणने पहिल्यांदा कप उचलला. त्यानंतरच्या मोसमात कप्तान अस्लम इनामदारचा गुडघा गेला आणि संघ पहिल्या सहांतसुद्धा आला नाही. आता गुडघा कप्तानाचा आणि दोष कोचचा, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात ठाऊक नाही. आमच्याकडे तो न शिकवताच येतो.

मोसम सुरू झाला २९ ऑगस्टला, गणपतीत. रोवणी झालेली, पोळा होऊन गेलेला, माणसं मोकळी. मोबाईल एक, डोकी सहा. नेट गेलं की चढाई करणारा हात पुढे करून तसाच थिजायचा आणि मग गुण मिळाला की माणूस बाद झाला यावर चार मिनिटं वाद. नेट येईस्तोवर दोन सामने पलटणने पानठेल्यावरच जिंकले असतील. गंमत म्हणजे खरोखरचे सामनेही ती जिंकत होती. साखळीत पलटण पहिली आली. मग कसोटी लागली. पहिल्या क्वालिफायरला दिल्लीशी ३४-३४ बरोबरी, टायब्रेकरमध्ये हार. दुसऱ्या क्वालिफायरला आमचे भौगोलिक सोयरे तेलुगू टायटन्स; त्यांना ५०-४५ असं हरवलं, एकट्या आदित्य शिंदेने २२ गुण काढले. आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये, दिल्लीच्याच घरच्या मॅटवर, अंतिम सामना गेला २८-३१ असा.

तीन गुण. रमेश तीन गुणांनी जिंकले आणि देव झाले. अजय तीन गुणांनी हरला आणि दुसऱ्या दिवशी धान कापायला निघालेल्या माणसाने विळ्याला धार लावता लावता फैसला सुनावला, "खेळाडू म्हणून ठीक होता. कोच म्हणून दम नाही."

दम नाही! नव्या कोचने पहिल्या वर्षी संघ साखळीत अव्वल आणला, अंतिम सामन्यापर्यंत नेला, तरी दम नाही. आमच्या तालुक्यात पूल मंजूर झाला की त्याचं श्रेय घ्यायला दोन पक्ष भांडतात, पूल व्हायचा तेव्हा होतो. इथं माणसाने तीन हातांवर काम आणून ठेवलं तर आम्ही त्याला काळ्या यादीत टाकून मोकळे.

बरं, हरवलं कुणी? दिल्लीचा कोच जोगिंदर नरवाल. २०२२च्या फेब्रुवारीत दिल्लीने पाटण्याला ३७-३६ असं एका गुणाने हरवून पहिला कप जिंकला, तेव्हा हा जोगिंदर दिल्लीचा कप्तान होता. त्याच संघात अजय ठाकूर होता. आणि त्या संघाचा कोच होता कृष्णकुमार हुडा. २०२५ला हेच हुडा कुठं होते? तेलुगू टायटन्सकडे. म्हणजे २०२५च्या पहिल्या तीन संघांचे तिन्ही कोच तीन वर्षांपूर्वी एकाच ड्रेसिंग रूममध्ये टॉवेल वाळत घालत होते. तिघांनाही तेच डावपेच ठाऊक, तिघेही एकमेकांच्या खोड्या ओळखून. त्यातला एक जिंकणार आणि दोघे हरणार, हे गणित पहिलीतल्या पोराला जमेल. "नवा कोच काहीतरी नवं आणेल" या अपेक्षेत नवं काय होतं, तेवढं मला कुणी सांगावं. वर दिल्लीच्या बचावात उभा होता फझल अत्राचली, २०२२ला आपलाच कप्तान. लग्न आमच्याकडे जेवायचं आणि आहेर दुसरीकडे द्यायचा, अशी या लीगची रीतच आहे.

हा रोग फक्त कबड्डीवाल्यांचा नाही. रग्बीचं आणि कबड्डीचं नातं जवळचं, दोन्हींत माणूस माणसावर पडतो. फरक इतकाच की रग्बीत दोष द्यायला निदान चेंडू असतो. २०२३च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाने विश्वचषक आठ महिन्यांवर असताना कोच डेव्ह रेनी यांना काढलं आणि एडी जोन्स यांना आणलं. कोण हे जोन्स? ज्यांना महिनाभरापूर्वीच इंग्लंडने काढलं होतं ते. पण घरचा माणूस, २००३ला याच संघाला अंतिम सामन्यात नेलेला, बोलण्यात तिखट. लोक खूश. करार २०२७पर्यंतचा. सप्टेंबरात फिजीकडून हरले, मग वेल्सने ४०-६ असं झोडपलं आणि विश्वचषकाच्या इतिहासात पहिल्यांदाच ऑस्ट्रेलिया गटातच गारद झाली. ऑक्टोबर संपता संपता जोन्स यांनी राजीनामा दिला. तिकडे खर्रा मिळत नाही, बीअर असते. बाकी सगळं आपल्यासारखंच.

याच्या उलटी गोष्ट आमच्या घरची आहे आणि आम्हीच ती विसरलो. २०१७च्या जानेवारीत इंदूरला मुंबई रणजीचा अंतिम सामना गुजरातकडून हरली. आदल्या वर्षी मुंबईला कप मिळवून देणारे कोच चंद्रकांत पंडित यांना त्यानंतर मुंबईने नारळ दिला. ते आले विदर्भाकडे. तेव्हा विदर्भाकडून अपेक्षा काय होती? काहीच नाही. १९५७-५८पासून रणजी खेळणारा हा संघ, एकदाही अंतिम सामना पाहिलेला नाही. नागपुरात कुणी फटाके आणून ठेवले नव्हते, पोंभुर्ण्यात तर रणजी चालू आहे हेही ठाऊक नव्हतं. आणि पंडित म्हणजे शिस्तीचा दांडगा, गोड बोलून काम करून घेणाऱ्यांतला नव्हेच. उपांत्य सामन्यात कर्नाटकला ५ धावांनी हरवलं. मग त्याच इंदूरच्या मैदानावर अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक ठोकलं आणि १ जानेवारी २०१८ला फैज फजलने कप उचलला. पुढच्या वर्षी पुन्हा.

आता मुद्दा असा की अपेक्षा नव्हती तेव्हा कप आला. कप आल्यावर अपेक्षा आली, आणि ती आल्यापासून विदर्भ उपांत्य फेरीत जरी हरला तरी आमच्याकडे "कोच कोण आहे बे सध्या?" अशी चौकशी सुरू होते. नाव ऐकून घेत नाहीत. चौकशी शिव्या कुणाच्या नावे जमा करायच्या एवढ्यासाठीच असते.

हे झालं लांबचं. जवळचं सांगतो. धान निघालं, मंडया सुरू झाल्या की आमच्याकडे एका बाजूला झाडीपट्टीच्या नाटकांचे मांडव पडतात आणि दुसऱ्या बाजूला रात्रकालीन कबड्डीचे बॅनर लागतात. बॅनरवर नेत्यांचे फोटो सतरंजीएवढे, खेळाडू एकही नाही. सामने मातीवर, चुन्याच्या रेषा, पंचावन्न किलोचा गट. वजनकाटा रेशन दुकानातून आणतात. वजन भरायचं म्हणून पोरं सकाळपासून उपाशी. काट्यावरून उतरली की थेट आलूबोंड्याच्या गाड्यावर, आणि पहिल्या चढाईला उभी राहतात तेव्हा गट साठ किलोचा झालेला असतो.

तालुक्यातल्या अशाच एका गावाने गेल्या मोसमात कोच बदलला. जुन्या कोचची पात्रता त्याची पिकअप गाडी होती. संघ नेणं-आणणं फुकट, त्यामुळे डावपेच कुणी विचारत नसे. नवा होता फौजेतून सुटून आलेला. समाजमंदिरात हार घालून सत्कार झाला. पहिल्या बक्षिसाची शिल्ड कुठं ठेवायची यावर चर्चा झाली, आणि कपाटाला काच नाही म्हणून काच बसवायचं ठरलं. मग नव्या कोचने भाषण केलं. त्याच्या दोनच अटी होत्या. एक, पहाटे पाचला धावायचं. दोन, खर्रा बंद.

सभेत शांतता पसरली. पहिल्या अटीवर तोडगा निघाला. रस्त्याने धावायचं तर वाघाची भीती, म्हणून गावातच, ग्रामपंचायतीपासून हनुमान मंदिरापर्यंत, वीस फेऱ्या. कुत्री मागे लागत, तेवढाच वेग वाढे. दुसऱ्या अटीवर मात्र तोडगा निघेना. डावा कोपरा म्हणाला, खर्रा नसला तर मले पाय दिसत नाही. उजवा कोपरा काहीच म्हणाला नाही, कारण त्याच्या तोंडात होता.

तरी फौजीने दीड महिना रेटलं. तिसऱ्या चढाईला थांबायचं कसं, तिघेच उरले तर साखळी कशी धरायची, बोनससाठी मागचा पाय कधी उचलायचा, हे पोरांना पहिल्यांदा कुणीतरी समजावून सांगितलं. जो संघ दरवर्षी पहिल्या फेरीत आलूबोंडे खाऊन परत यायचा तो उपांत्य सामन्यात गेला आणि दोन गुणांनी हरला. रात्री दोनला, थंडीत, मैदानावरच त्याचा पंचनामा झाला. गावातले काका-मामा, ज्यांनी आयुष्यात पोत्याशिवाय कशाला पकड लावली नाही, तेही बोलले. पोरांचा स्टॅमिना गेला, कारण खर्रा बंद केला, हे निदान झालं.

आठवड्याने समाजमंदिरात पुन्हा बैठक. फौजीने शांतपणे शिट्टी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. नव्या कोचपदासाठी दोन नावं आली. पहिला उमेदवार तालुक्याला खेळलेला, नियम पाठ असलेला. दुसऱ्याने कबड्डी मोबाईलवरच पाहिलेली, पण त्याने उभं राहून दोन शब्द सांगितले. पहाटे कुणालाही उठवणार नाही आणि खर्ऱ्याला हात लावणार नाही. वर येत्या मोसमात शिल्ड नक्की, असा शब्दही दिला.

निवड एकमताने झाली. काचवाल्याला परत फोन लावला आहे.