खोबरेल

"अगो, गडग्याशी ये जरा. हात काय धूत बसलीस, रातांब्यांचा रंग एवढ्यात सुटायचा नाही. वरच्या आळीतलं कुलूप निघालं, ऐकलंस ना? वंदे भारतने आले. पहाटे मुंबई, रत्नागिरीला उतरून दुपारी जेवायला इथे!"

"ते काठीवाले आजोबा कोण हो काकू?"

"त्यांच्यासाठी एके काळी या वाडीतली एक मुलगी खुळी झाली होती."

"अय्या, कोण?"

"मी. तोंड मीट, माशी जाईल."

"काकू!"

"१९६६चा मे. माझं मॅट्रिक झालेलं. तेव्हा रेल्वे कुठली? ती पुरती सुरू झाली १९९८ साली. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची. जयगडला आली की पाण्यात लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला. हा उतरला तो ओकून ओकून हिरवागार. आईनं आमसुलाचं सार देऊन मला पाठवलं. असलं ध्यान आवडेलसं वाटलंच नव्हतं मला."

"मग?"

"मग फणस. मुंबईचा शहाणा, हाताला तेल न लावताच गरे काढायला बसला. चीक का पाण्यानं जातो? मी खोबरेलाची वाटी घेऊन पडवीत, एकेक बोट चोळून सोडवतेय. आई आतून हाका मारतेय, मला ऐकूच येईना. आणि दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं मुद्दाम चिकात हात घातला!"

"आणि तुम्ही?"

"मी वाटी भरूनच ठेवली होती. बोलणं म्हणशील तर तो गिरगावातल्या ट्रामच्या गोष्टी सांगायचा, तिथली बंद झाली तरी. मी हूं हूं करायची. तेवढ्यात रोहिणी लागल्या. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून शेवटची बोट गाठायची एकच पळापळ. पत्र पाठवतो म्हणाला."

"पाठवलं?"

"आलं की. आमच्या अण्णांच्या नावे. आंबे पोचले, दोन नासके निघाले, सर्वांना नमस्कार. त्या सर्वांमध्ये मी स्वतःला किती दिवस शोधत होते, काय सांगू! पुढच्या वैशाखात मला उजवली. तुझे काका सोन्यासारखे हो, पण फणसाला कधी हात लावला नाही त्यांनी. कपडे खराब होतात म्हणे."

"आता ओळखलं का त्यांनी?"

"काल पाखाडीवर समोरासमोर आलो. काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, 'खोबरेल अजून घरचंच काढता?' माझ्या घशाला कोरड. तेवढ्यात बायको मागून आली. म्हणाली, 'बाई, घरचं असेल तर अर्धा लिटर द्या हो, केस फार गळतात.'"

"दिलंत?"

"दिलं की. पैसे मोजून घेतले."