जोशींच्या निखिलची शिंगं

"नंदा, जोशींच्या निखिलची सायकल पाहिलीस का गं? शिंगं लावलीत तिला."

"पाहिली की! काल जिन्याखाली उभी होती, माझी भाजीची पिशवीच अडकली त्यात. कोथिंबीर सगळी खाली. हँडल कसं, आपल्याकडं वळलेलं असावं. हे आपलं सरळ पुढं निघालंय!"

"बुलहॉर्न म्हणतात त्याला. त्याआधी खाली वळलेलं, ते ड्रॉप होतं, त्याच्याआधी सरळ दांडा. जोशीवहिनी म्हणतात, मुलीचे फोटो बघायला याला वेळ नाही, हँडलं बघत मात्र रात्ररात्र जागतो."

"पण काकू, हँडलात एवढं बघायचं काय असतं?"

"ते मला विचार. सासऱ्यांच्या सायकलच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली बाई आहे मी. तेव्हा गिऱ्हाईक हँडल निवडायचंच नाही. काळी सायकल, दांड्यांचे ब्रेक. हँडलखालून सळया निघायच्या त्या थेट चाकापर्यंत. हँडल बदलायचं तर ब्रेकही बदला, कोण करतंय? मुठी मागं वळलेल्या, पाठ ताठ, मास्तर निघाले शाळेला! निखिलच्या सायकलीला सळया नाहीत, गिअर नाहीत, फ्रीव्हीलसुद्धा नाही. फिक्सी ती. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच."

"म्हणजे उतारावर पाय स्वस्थ ठेवायचे नाहीत?"

"छे! सेनापती बापट रस्त्याच्या उतारावर बघ त्याला एकदा, शिलाई मशीनसारखे पाय चालू असतात. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर लावायचा. आणि तो लावताना हातांनी हँडल घट्ट ओढून धरावं लागतं, नाहीतर पायडलच माणसाला सीटवरून उचलतं. चढावर गिअर बदलायची सोय नाही, तिथंही उभं राहून हँडल खेचायचं. म्हणून या सायकलीला हँडल शोभेचं नसतं गं. तिथं शिंगं बरी. मूठ पुढं मिळते, मनगट पिळवटत नाही."

"मग बरोबरच लावलीत की त्यानं."

"चढाला बरोबर, लक्ष्मी रोडला नाही. त्यानं ब्रेकची लिव्हर बसवलीय मधल्या आडव्या भागावर, आणि हात शिंगांच्या टोकाला. रिक्षा आडवी आली की हात आधी मागं आणायचा, मग ब्रेक दाबायचा. तोवर रिक्षावाला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुढं गेलेला असतो."

"टोकालाच बसवायची मग लिव्हर."

"बसते, पण ती निराळी येते, टोकाच्या नळीत खुपसायची. आमचे भाऊजी दुकान चालवतात ना अजून, त्यांच्याकडं रोज हाच घोळ. सरळ दांड्याची नळी 22.2 मिलिमीटरची, ड्रॉपची आणि शिंगांची बहुतेक 23.8. दीड मिलिमीटरचा फरक, पण सरळ दांड्याची लिव्हर शिंगांवर चढत नाही. पोरं हातोडी मागतात! शिवाय स्टेममध्ये, म्हणजे हँडल पकडणाऱ्या तुकड्यात, बसतो तो मधला भाग कुठं 25.4, कुठं 26, कुठं 31.8. आकडा न बघता हँडल उचलून आणलं की फेरी फुकट."

"निखिल तर म्हणत होता, कुणा इटालियन माणसानं अशाच शिंगांवर विक्रम केलाय."

"फ्रान्चेस्को मोझर. मलाही ऐकवलं त्यानं. 1984 साली, मेक्सिको सिटीत, तासाभरात 51 किलोमीटरच्या वर! म्हटलं, बाबा रे, मोझरच्या ट्रॅकवर पीएमपीची बस नव्हती. तुला डेक्कनला जायचंय."

"आणि ड्रॉप का काढलं?"

"मान धरली. त्यानं आणलं होतं ट्रॅकचं ड्रॉप. साध्या रेसिंग सायकलीच्या ड्रॉपला वरती हात टेकायला जागा तरी असते, हे मधूनच खाली उतरत जातं. शर्यतीत वाकूनच राहायचं असतं ना. जपानात किरिन म्हणून शर्यती असतात, 1948 पासून. आपल्याकडं रेसकोर्सवर घोड्यांवर लावतात तसे तिथं सायकलवाल्यांवर पैसे लावतात. त्यांच्या सायकलीचा भागन् भाग मंजुरीचा लागतो. निट्टोची हँडलं त्यातलीच, त्यावर याचा जीव. बालेवाडीला ट्रॅक आहे, तिथं खुशाल चालव म्हणावं. सिग्नलला डोकं खाली घालून बसलास तर समोरचं कोण बघणार?"

"आमच्या ओंकारच्याही डोक्यात आलंय हे खूळ. तो रायझर म्हणतोय. दोन्ही बाजूंना जरा वर उचललेलं, माउंटन बाईकसारखं."

"तो शहाणा आहे. गावात फिरायला तेच. मान वर राहते, ब्रेक बोटांखाली. फक्त तेवढं रुंद ठेवू नकोस म्हणावं, दोन गाड्यांच्या मधून निघताना आरसे मोडशील लोकांचे. कापून घ्यावं, साधारण खांद्यांएवढं."

"हँडल कापायचं?"

"कापतात की. न्यूयॉर्कची कुरियरची पोरं कापायची ना, आता जगभर कापतात. पण आधी करवत हातात घ्यायची नाही. मुठी आणि लिव्हर आत सरकवून थोडे दिवस तसंच चालवून बघायचं. उभं राहिल्यावर गुडघे लागतात का, घंटीला जागा उरते का, सगळं कळतं. रायझरचा बाक जिथं संपतो त्याच्या आत तर जाताच येत नाही, लिव्हर वळणावर बसणार कशी? भाऊजी नळीवर जुनी क्लॅम्प आवळतात आणि तिच्या कडेनं करवत चालवतात, काप तिरका जात नाही. मग आतून-बाहेरून कानस. आणि दोन्ही टोकांना बूच हवंच. उघडी नळी पडताना पोटात घुसते गं."

"ब्रेक मात्र दोन्ही लावायला लावेन मी त्याला."

"निदान पुढचा तरी लावच. माझी भाची लंडनला असते. तिथं फिक्सीला पुढचा ब्रेक नसेल तर रस्त्यावर काढणं कायद्यात बसत नाही. इथं पोरं म्हणतात, ब्रेकनं सायकलीचं रूप जातं. दात पडल्यावर तोंडाचं काय होतं, ते नाही दिसत."

"निखिलचं ते ड्रॉप विकायचंय म्हणे. कितीला घेतलं होतं त्यानं?"

"हळू बोल. जोशीवहिनी गॅलरीत कपडे वाळत घालतायत. आमच्या दुकानात त्या पैशात अख्खी सायकल मिळायची, वर कॅरिअर नि कुलूप. त्यांना त्यानं सांगितलंय, जुन्या बाजारातून उचललं म्हणून."